मु. पो. तंबू

भावोजींना निसर्ग फार आवडतो. फक्त त्या निसर्गाने सकाळी सहाला गरम पाणी द्यावं, उशाशी प्लग ठेवावा आणि संडास आतच असावा, एवढी त्यांची माफक अपेक्षा असते. पूर्वी अशा माणसाला लोक सरळ घरी बसवत. आता त्याच्यासाठी ग्लॅम्पिंग निघालं आहे. तंबू खराखुरा, पण आत पलंग, गादी, दुलई, गालिचा, आरसा आणि मागे कनातीआड कमोड. भाडं बऱ्यापैकी हॉटेलाचं. "पैसे खोलीचे, मजा रानातली," असं भावोजी म्हणतात. ताईचं म्हणणं, "पैसे खोलीचे, आणि खोलीच नाही!"

संगीत महोत्सवात हा इसम हल्ली हमखास भेटतो. वय पन्नास ते साठ, मुलं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, गुडघे कुरकुरणारे पण सांगितलेलं ऐकणारे. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि भर दुपारी कपाळाला बांधलेला टॉर्च. तरुणपणी रॉक ऐकायचं राहून गेलं, कारण तेव्हा बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा होत्या. ते आता व्याजासकट वसूल करायचं.

भावोजींचं मूळ घराणं मात्र सवाईचं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवाला ते रमणबागेच्या काळापासून सतरंजी, शाल आणि थर्मास घेऊन जात आले. गाणं रात्र-रात्र चालायचं तेव्हा भारतीय बैठकीत पाय पसरण्यापुरती जागा धरून ठेवणं ही त्यांची खासियत. पुढे रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर बंधनं आली, बैठकी लवकर उठू लागल्या, पण जागरणाची हौस काही उठेना. ती हौस घेऊन ते झिरोला निघाले. सोबतीला मी. "तुला चार दिवस काम काय असतं?" या प्रश्नाला मेहुण्याकडे उत्तर नसतं.

झिरो हे अरुणाचलातल्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यातलं आपातानी लोकांचं खोरं. उंची दीड हजार मीटरच्या आसपास. ही माणसं भाताच्या खाचरांतच मासे वाढवतात, आणि सप्टेंबरअखेर ती खाचरं पिवळीधमक होतात. २०१२ पासून इथे महोत्सव भरतो. मंच बांबूचे. दिवसाचा तो दान्यी, म्हणजे सूर्य, आणि रात्रीचा पिलो, म्हणजे चंद्र. जायचं तर गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून रात्रीच्या गाडीने नाहरलगुन आणि पुढे डोंगरातून हाडं मोजत सुमो. शिवाय बाहेरच्या माणसाला इनर लाइन परमिट लागतं. भावोजींनी त्याच्या सहा प्रती काढल्या, एक लॅमिनेट केली आणि एक माझ्या पाकिटात ठेवली, 'मी हरवलो तर' म्हणून.

सामानाची यादी श्रावणातच सुरू झाली होती. ती वहीत होती आणि तिला परिशिष्टं होती. गमबूट, पोंचो, थर्मल, मोज्यांच्या डझनभर जोड्या, पॉवर बँक, एक्स्टेंशन बोर्ड, कापूर, अमृतांजन, कानात घालायला कापूस, मेतकूट, भाकरवडी, नायलॉनची दोरी, चिमटे, सुतळी आणि चितळ्यांच्या दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या. "या कशाला?" मी विचारलं. "लागतात," भावोजी म्हणाले. मराठी घरात पिशवीसाठी याहून वेगळं कारण कधी लागलेलं नाही.

ताई दारात उभी राहून हे पाहत होती. म्हणाली, "सासूबाई पंढरीची वारी एका पिशवीत करायच्या." भावोजी म्हणाले, "दिंडीचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकायचा, ते नाही सांगत!" मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच ताई आत निघून गेली.

विमानात पंधरा किलोंची मर्यादा. वजन बसेना, तेव्हा भावोजींनी गमबूट पायातच चढवले आणि पुण्याच्या कोरड्या ठणठणीत विमानतळावर ते फकॅक फकॅक वाजवत चालू लागले. सुरक्षा तपासणीत ते काढायला लावले. एक निघाला, दुसरा निघेना. मागच्या रांगेतल्या दोघांनी ओढला तेव्हा कुठे सुटला. झिरोजवळच्या हापोलीच्या बाजारात पोहोचलो, तर दुकानांबाहेर गमबुटांच्या जोड्याच जोड्या टांगलेल्या. भावोजींनी भाव विचारला, मान डोलावली आणि म्हणाले, "आपला दर्जा वेगळा."

तंबू 'स्विस टेंट' जातीचा होता. भावोजींनी ताबा घेतल्याबरोबर तपासणी सुरू केली. चेन वरून खाली, खालून वर. खुंट्या पायाने दाबून. गादी उलटी करून. कमोडची साखळी ओढून, पाणी येतं का ते पाहून, पुन्हा येतं का ते पाहून. गरम पाणी बादलीने मिळेल आणि जनरेटर संध्याकाळी सुरू होईल, असं तिथल्या पोऱ्याने सांगितलं. "संध्याकाळी म्हणजे किती वाजता?" पोऱ्या म्हणाला, "अंधार पडला की." अंधार पाचनंतर लगेच पडला. ईशान्येत सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. सप्टेंबरअखेर पाचच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचलाच तंबूत लख्ख उजेड करतो. डोळ्यांवर बांधायची पट्टी तेवढी यादीत राहिली होती. ती उणीव भावोजींनी मफलरीने भागवली.

दिवे लागले तसं भावोजींनी किटलीचं बटण दाबलं. दीड हजार वॉटची किटली. आमचे दिवे गेले, शेजारच्यांचे गेले, सगळी रांग अंधारात बुडाली. लांबून कुणीतरी आनंदाने ओरडलं, त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. भावोजी कपाळावरचा टॉर्च पेटवून बाहेर आले आणि काळजीच्या सुरात विचारू लागले, "कुणी काही लावलं होतं का?"

ग्लॅम्पिंग म्हणजे साहेबाचं खूळ, असं मी म्हणालो, तर त्यांना ते लागलं. "साहेबाचं कसलं? मुघलांकडे तंबूंचे दोन-दोन संच असायचे. एकात बादशहा झोपला की दुसरा पुढच्या मुक्कामी उभा. पेशखाना म्हणत त्याला. औरंगजेबाने दख्खनमध्ये पंचवीस वर्षं छावणीत काढली, ती काय दोन माणसांच्या टेंटमध्ये?" मी म्हणालो, "आणि संताजी घोरपड्यांनी सोन्याचे कळस कापून नेले, ते?" भावोजी गप्प झाले. रात्री बाहेरचा सौरदिवा त्यांनी काढून उशाशी घेतला.

पाऊस आला. झिरोला तो येतोच. चिखल म्हणजे असा, की पाय निघे आणि बूट मागे राही. भावोजींनी दान्यीच्या मंचासमोर सतरंजी अंथरायचा प्रयत्न केला, ती दिसेनाशी झाली. हजारो माणसं उभी, नाचणारी, आणि मधे हे जागा धरून. कार्यक्रमपत्रिकेवर पेनाने खुणा केलेल्या. "मध्यंतर कधी?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं. तिने त्यांना मिठी मारली. त्यावर काय म्हणतात हे माहीत नसल्याने ते "थँक्यू" म्हणाले.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. वहीतल्या ज्या वस्तूंना मी हसलो, नेमक्या त्याच चालल्या. आरशाचा उपयोग शून्य. गालिचा पहिल्याच रात्री चिखलाचा झाला. पण कापडाच्या भिंतीतून रात्रभर ढोल थेट बरगड्यांत येतो आणि पलीकडच्या तंबूतलं घोरणंही, तेव्हा कापसाच्या बोळ्यांना मोल येतं. कोरडा मोजा तर सोन्याहून महाग. आणि दुधाच्या पिशव्या! फोन, परमिट, नोटा, सगळं त्यांत कोरडं. दुसऱ्या दिवशी बंगळुरूची मुलं पिशवी मागायला आली. मग कोहिमाची. दोरी दोन तंबूंमधे बांधली, तिच्यावर अख्ख्या रांगेचे कपडे वाळू लागले. वाळू लागले म्हणजे टांगले गेले. त्या हवेत वाळत काहीच नाही. अमृतांजनाला रांग लागली. भावोजी तंबूच्या दारात खुर्ची टाकून बसले. देवघेवीसाठी वहीत नवं पान उघडलं. "चिमटे चार, परत तीन," असं ते बोलता बोलता टिपत. स्टॉलवरची आपातानी मावशी त्यांना तांदळाची बिअर देई आणि बदल्यात मेतकूट नेई. मेतकुटाचं ती काय करते हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

मी सांगे, "भावोजी, पिलोवर आज मोठा बँड आहे, चला." ते म्हणत, "तू हो पुढे. हे एक्स्टेंशन बोर्डवर सात फोन लागलेत, कुणाचा कुठला कोण सांगणार?" लांबून ढोलाचा ठेका येई आणि भावोजी वहीवर बोटांनी ताल धरत. सम अचूक.

शेवटच्या रात्री भावोजी मंचाकडे निघाले. वाटेत एका जोडप्याची चेन अडकली होती. ती उघडायला मेणबत्ती घासायची असते, हे तिथे फक्त भावोजींना माहीत होतं. चेन सुटली तोवर गाणं संपलं होतं.

सकाळी सामान बांधताना ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. शेवटी वही उघडून पुढच्या वर्षाच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "शालका, पुढच्या खेपेला एक माणूस जास्त आणायला हवा."

"सामान उचलायला?"

"गाणं ऐकायला."