अंजूरफाट्याचे ऑर्किडकाका

भिवंडीत माणसाची पत दोन प्रश्नांत ठरते. माग किती? आणि गाळे किती? ऑर्किडकाकांकडे दोन्ही नाहीत. उभी हयात दुसऱ्यांच्या गोदामात सुपरवायझर म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि आता अंजूरफाट्याजवळच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली टांगलेल्या कुंड्यांचा स्टॉक सांभाळतात. प्रत्येक कुंडीला पट्टी. पट्टीवर जात, आईबाप, आवक तारीख. पट्टी नसलेलं रोप कितीही देखणं असो, काकांच्या लेखी ते बेवारस.

असे काका डोंबिवलीत आहेत, नाशकात आहेत, पुण्यात तर गल्लीगणिक आहेत. व्यसन लागण्याची रीत बहुतेकांची एकच. कुणाच्या तरी वास्तुशांतीत निळ्याशार फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी भेट येते. फुलं दोन-तीन महिने टिकतात, गळतात, पुढच्या वर्षी पुन्हा दांडा येतो आणि फुलं निघतात पांढरीफटक. तो निळा रंग दांड्यातून आत भरलेला असतो. शहाणा माणूस दुकानदाराच्या नावाने बोटं मोडून मोकळा होतो. काका त्या पांढऱ्या फुलांकडे बघत बसले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

पहिला बळी पडला तो काकूंचा मिसळणाचा डबा. ऑर्किडचं सडलेलं मूळ कापलं की जखमेवर दालचिनीची पूड चोळतात. तिने बुरशी धरत नाही. त्यामुळे या घरात मसालेभात कित्येक दिवस दालचिनीवाचून होतो. मग पाणी. बोअरचं पाणी क्षारांचं, त्याने मुळांची टोकं जळतात. पावसाळ्यात पिंपं भरून ठेवता येतात, पण मे महिन्यात काय? काकांनी तोडगा काढला: एसीचं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं, म्हणजे जवळजवळ क्षारविरहित. आता सोसायटीत एसी असलेल्या प्रत्येक बाल्कनीच्या नळीखाली काकांचा कॅन असतो आणि संध्याकाळी ते दूधवाल्याच्या शिस्तीत रतीब गोळा करतात. घरातलं आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं, ते मात्र क्षारांचा गाळ! कुणी भाबडेपणाने ते देऊ केलं तर काका नुसते बघतात. त्या बघण्यावर शेजारणी वर्षभर बोलतात.

पाहुणा आला की ठरलेला प्रसंग. वांडा नावाचं ऑर्किड लाकडी टोपलीत अधांतरी लटकलेलं असतं, खाली हातभर लांब मुळं. पाहुणा कळवळून म्हणतो, “काका, मुळं उघडी पडलीत, थोडी माती घाला.” काका उत्तर देत नाहीत. फवारणीची बाटली घेऊन एका मुळावर पाणी मारतात. रुपेरी राखाडी मूळ बघता बघता हिरवं होत जातं, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. टोक तेवढं आधीपासूनच पोपटी, कोवळं. रानात ही झाडं फांदीला चिकटून वाढतात, माती बघतही नाहीत. सह्याद्रीत आंब्याच्या फांदीवर मे-जूनमध्ये सीतेची वेणी लोंबते, तिला कुणी कुंडी दिली? ती फांदीसकट मोडून आणणाऱ्यांबद्दल काकांचं मत इथे छापण्यासारखं नाही.

खरी गंमत ऑक्टोबरात. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. भिवंडीत तो गारवा येतो डिसेंबरात, म्हणजे फुलं उमलणार मार्चच्या आसपास. आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं जानेवारीत, राणीच्या बागेतलं मुंबई महापालिकेचं त्याच्याच मागेपुढे. मग ऐन ऑक्टोबर हीटमध्ये चार कुंड्या बेडरूममध्ये येतात आणि एसी वीसवर लागतो. काकू शाल पांघरून झोपतात. एरवी याच गृहस्थाने जावई आला तरी एसी सव्वीसच्या खाली उतरू दिलेला नाही.

उन्हाळ्यात वेगळं संकट. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात. हे कळल्यापासून हापूसची अढी घरातून हद्दपार आहे. पेटी राहते खालच्या मजल्यावर बहिणीकडे. आंबे पिकतात तिथे, संपतातही तिथेच.

पण नुसती फुलं बघून समाधान मानणारा तो ऑर्किडवाला कसला? पुढची पायरी संकर. काका टूथपिक घेतात, फुलाच्या मधल्या खांबावरची इवलीशी टोपी अलगद उचलतात. खाली मोहरीएवढे पिवळे परागपिंड टूथपिकला चिकटून येतात. ते दुसऱ्या फुलाच्या खांबाखालच्या चिकट खळग्यात बसवायचे. झालं लग्न. फूल एक-दोन दिवसांत मान टाकतं. “चांगलं फुललेलं होतं, मारलंत ना?” काकू म्हणतात. शेंग पिकायला कित्येक महिने, आत धुळीसारखं बी, आणि त्या बियांच्या पदरी अन्नाचा कण नाही. रानात बुरशी त्यांना पोसते. बुरशीवाचून, साखर घातलेल्या अगारवर त्या रुजवता येतात हे अमेरिकेच्या लुईस नुडसन यांनी 1922 मध्ये दाखवलं, म्हणून आज काकांची शेंग कुरिअरने प्रयोगशाळेत जाते आणि बाटलीत बोटभर रोपं होऊन परत येते. पहिलं फूल त्यानंतर तीन ते सात वर्षांनी.

इंग्लंडच्या व्हीच नर्सरीत जॉन डोमिनी यांच्या हातच्या पहिल्या संकराला 1856 मध्ये फूल आलं. सिंगापूरला ॲग्नेस जोकिमबाईंच्या बागेतलं ऑर्किड 1893 चं, आणि आज ते त्या देशाचं राष्ट्रीय फूल. तेव्हापासूनच्या लाखावर संकरांच्या पत्रिका लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या दफ्तरात जमल्यात: आधी आईचं नाव, मग बापाचं, आणि झाडाला फूल आल्याशिवाय नोंद नाही. काकांना ही शिस्त फार आवडते. शास्त्रज्ञांची मात्र नाही. त्यांनी ॲस्कोसेंट्रम ही प्रजाती वांडात विलीन केली आणि दोघांच्या संकराचं ॲस्कोसेंडा हे नावच निकालात निघालं. काकांनी दोन रविवार बसून पट्ट्या नव्याने लिहिल्या.

प्रदर्शनाला झाडं कापडाच्या टेम्पोतून जातात, तागे मागे, काका पुढे, कुंडी मांडीवर. मानकोलीच्या कोंडीत टेम्पो अडकला की ते पेपरने कळ्यांना वारा घालतात. बक्षीस मिळालंच तर आनंद, पण त्यांचं चित्त दुसरीकडे असतं. शेजारच्या टेबलावरच्या स्पर्धकाशी सलगी वाढवायची, त्याच्या झाडाचं कूळ विचारायचं आणि निघताना हळूच म्हणायचं, “दोन पराग द्याल का?” खिशात टूथपिक आणि बटरपेपर असतोच.

ते पराग घरच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात, महिनोन्महिने राहतात. मागच्या वर्षी सुनेने एक पुडी खडा हिंग समजून आमटीच्या फोडणीत टाकली. आमटीत काही फरक जाणवला नाही. काकांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुण्याहून आणलेला माल, निदान पोटात तरी जावा म्हणून.