आलं का?

"किती?"

"भिंतीला टेकला."

"कोण?"

"काटा!"

ओहायोतल्या एका घरासमोर, जूनच्या टळटळीत दुपारी, प्रस्तुत लेखक एका पिकअप गाडीत काचा वर करून बसला होता. एका हातात माइक, मांडीवर मीटर. गाडीची दारं उघडी असली तर माप चुकतं, म्हणून एसी बंद असतानाही दारं बंद. बाहेर त्याचे साडू पाना घेऊन हौद्याच्या कडेशी वाकले होते. हौद्याच्या कोपऱ्यावर चार फुटी काळी काडी उभी होती. ती वायरलेसची अँटेना होती आणि गेले तीन शनिवार तिने घरातलं वातावरण तापवलेलं होतं.

साडूभाऊ मूळचे मिरजेचे. तीस वर्षं संगणकाची नोकरी करून निवृत्त झाले, जुनी पिकअप घेतली आणि तिच्यामागे तंबूगाडी लावून यलोस्टोनला जायचं ठरवलं. तिकडच्या डोंगरांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मग रस्त्यात काही झालं तर? यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सीबी, अर्थात सिटिझन्स बँड रेडिओ. यंत्र मसाल्याच्या डब्याएवढं. बॅटरीपर्यंत दोन तारा नेऊन ते बसवायला अर्धा तास पुरला. राहिली फक्त अँटेना.

या 'फक्त'ला मोठा इतिहास आहे. १९७३ साली तेलाचं संकट आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकाभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली आणि मैलांवर पोट असणारे ट्रकवाले हवालदिल झाले. आपल्याकडे समोरून येणारा ट्रक दिवे लुकलुकवून 'पुढे मामा उभा आहे' असं सांगतो. तिकडच्या ट्रकवाल्यांनी हेच काम वायरलेसवर सुरू केलं. त्यांच्या बोलीत पोलीस म्हणजे 'स्मोकी'. वणव्यापासून सावध करणाऱ्या सरकारी जाहिरातींतलं स्मोकी नावाचं अस्वल अगदी पोलिसांसारखीच रुंद कडांची टोपी घालायचं, म्हणून. पोलीस हेलिकॉप्टरमधून पाहत असेल तर 'हवेतलं अस्वल'. ट्रकवाल्यांचं हे वेड मग साऱ्या देशाला लागलं. 'कॉन्व्हॉय' हे ट्रकवाल्यांवरचं गाणं १९७६च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. १ जानेवारी १९७७पासून सरकारने २३ चॅनेलची ४० केली. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड सीबीवर बोलायच्या आणि त्यांचं टोपणनाव होतं 'फर्स्ट मामा'. मामा येतोय म्हणून सावध करणाऱ्या यंत्रावर पहिली मामा व्हाइट हाउसमधूनच यावी, ही गंमत मात्र मराठी माणसालाच कळायची.

परवाना तेव्हा लागायचा. पुष्कळांनी तो काढलाच नाही. अखेर १९८३ साली सरकारनेच नाद सोडला.

तर अँटेना. सीबीच्या लहरीची लांबी ११ मीटर. तिचा चतकोर म्हणजे साधारण नऊ फूट, आणि तेवढी काडी गाडीवर असेल तर ती उत्तम बोलते. १०२ इंचांची पोलादी छडी आणि खाली सहा इंचांची स्प्रिंग, हा या धर्मातला जुना आणि शुद्ध पंथ. साडूभाऊंना तीच हवी होती. ताईंनी (म्हणजे लेखकाच्या मेहुणीने) एकच प्रश्न विचारला, "गॅरेजात कशी जाणार?" तेव्हा मग चार फुटी फायबरची काडी आली. तिच्या अंगावर तार गुंडाळलेली असते. उंचीत कमी पडलेलं वेटोळ्यांत भरून काढायचं, नऊवारी साडी घडी करून ट्रंकेत बसवावी तसं. काम होतं, पण नऊ फुटांचा रुबाब येत नाही.

पहिल्या शनिवारी त्यांनी चुंबकाच्या बुडाची अँटेना आणली होती. भोक नको, पाना नको, नुसती टपावर ठेवायची. ठेवली. हात सोडताच ती सावकाश घसरत पुढच्या काचेवर आली. अमेरिकेतल्या एका अतिशय खपाच्या पिकअपचं अंग २०१५च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमचं झालं आहे आणि साडूभाऊंची गाडी नेमकी त्यातली. तीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या इंजिनिअरला आपली गाडी कशाची आहे हे चुंबकाने सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी हौद्याच्या कडेला लोखंडी ब्रॅकेट बसलं. त्यावरचा सुंदर काळा रंग साडूभाऊंनी पॉलिश पेपरने खरवडून काढला. "नवी वस्तू कोण खरवडतं?" असं ताई म्हणाल्या, पण इथे साडूभाऊंचं बरोबर होतं. अँटेना म्हणजे नुसती उभी काडी, असं आपल्याला वाटतं. तो फक्त एक हात. दुसरा हात म्हणजे गाडीचा पत्रा. केबलमधली मधली तार काडीला जाते, तिच्याभोवतीची जाळी ब्रॅकेटमार्फत पत्र्याला. मध्ये रंगाचा थर आला की टाळी वाजत नाही. म्हणून तर फायबरच्या अंगाच्या गाड्यांसाठी वेगळ्या जातीची अँटेना घ्यावी लागते.

आणि तिसऱ्या शनिवारी हा काटा भिंतीला टेकलेला.

हे मीटर काय मोजतं? रेडिओ चार वॉट ताकद वर पाठवतो. कायद्याने तेवढीच मुभा आहे. त्यातलं काही आकाशात जातं आणि अँटेनाला मानवलं नाही ते केबलमधून परत येतं, लग्नातल्या न आवडलेल्या आहेरासारखं. आकडा १ आला तर काहीच परत आलं नाही, दीड म्हणजे शेकडा चार, २ म्हणजे शेकडा अकरा आणि ३ म्हणजे चारातला एक अख्खा वॉट घरी. हे घरी येणारं पाहुणचार मागतं आणि सोसवलं नाही तर रेडिओतला शेवटचा ट्रान्झिस्टर जाळतं. अँटेना न जोडता माइक दाबू नये म्हणतात ते याचसाठी. आमचा काटा ३च्याही पलीकडे गेला होता.

"माइक सोडा, सोडा!" साडूभाऊ ओरडले. मग त्यांनी मल्टिमीटर आणलं आणि एक टोक काडीच्या बुडाला, दुसरं ब्रॅकेटला लावलं. मीटर पीं करून ओरडलं. म्हणजे दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले. नेमकं जिथे जोड नको तिथे जोड.

काडी ज्या बोल्टवर बसते तो ब्रॅकेटच्या भोकातून जातो, पण ब्रॅकेटला शिवता कामा नये. मध्ये नायलॉनचं पांढरं वॉशर असतं. त्याला छोटी कॉलर असते आणि ती भोकात खाली बसवायची असते. वॉशर उलटं बसलं की खेळ संपला, विसरलं तर सुरूच होत नाही. गाडीवरच्या अँटेना जितक्या रुसतात त्यांतल्या बऱ्याच या दोन पैशांच्या वस्तूपायी. साडूभाऊंनी बोल्ट खोलला. वॉशर नव्हतंच!

हौदा झाडला. गवत चाचपलं. साडूभाऊ दुकानदाराच्या सात पिढ्यांपर्यंत पोचणार, एवढ्यात ताई लिंबू सरबत घेऊन बाहेर आल्या.

"पांढरं, वाटोळं, मधे भोक?"

"हो!"

"ते होय? मागच्या शनिवारी दारात सापडलं. मला वाटलं तुमच्या शर्टाचं बटण. डब्यात टाकलंय."

बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात, हुक, रिळं आणि सुयांच्या सहवासात ते आठवडाभर सुखाने पडून होतं. "एकच भोक असलेलं बटण कधी पाहिलंय का तुम्ही?" असं साडूभाऊ म्हणाले, पण पुरेशा हळू आवाजात.

वॉशर बसलं, काटा खाली आला आणि खरा सोहळा सुरू झाला. चॅनेल १, मग २०, मग ४०, तिन्हींवर माप घ्यायचं. ४०वर आकडा जास्त आला तर काडी लांब झाली, १वर जास्त आला तर आखूड. टोकाला स्क्रू असतो, तो आत-बाहेर करायचा. साडूभाऊ टोक धरून उभे असताना दीड येई. ते बाजूला झाले की सव्वादोन. माणसाचं अंगही अँटेनाला जवळचं वाटतं आणि ती त्याला हिशोबात धरते.

हे लेखकाने कुठेतरी पाहिलं होतं. ऐंशीच्या दशकात, कौलांवर. वडील एरियल धरून उभे, खाली घरभर माणसं, टीव्हीवर मुंग्या. "आलं का?" "आलं!" वडिलांनी हात सोडला की, "गेलं!" मग बातम्या संपेपर्यंत त्यांनी तसंच उभं राहावं अशी सगळ्यांची मनापासून इच्छा असे.

"आलं का?" साडूभाऊ अंगणाच्या टोकावरून.

"एक पूर्णांक चार!"

"हात न लावता?"

"न लावता!"

साडूभाऊ गाडीत येऊन बसले. चॅनेल १९ म्हणजे ट्रकवाल्यांचा कट्टा. ९ नंबर अडीअडचणीचा. १९ लावताच दक्षिणेकडचा एक हेल काढणारा आवाज धो धो कोसळू लागला. उन्हाळ्यात आकाशातले विद्युतभारित थर कधीकधी या लहरींना हजार मैलांवर नेऊन आपटतात. इतक्या लांब बोलणं कायद्याला मान्य नव्हतं. अडीचशे किलोमीटरच्या पलीकडच्या माणसाशी बोलू नये हा नियम २०१७ साली काढला. तोवर आकाशच गुन्हा करत होतं. तो गृहस्थ त्याच्या गावच्या पावसाबद्दल बोलत होता आणि जवळच्या महामार्गावरचा ट्रक काही ऐकू येत नव्हता.

अखेर तो गडगडाट ओसरला. साडूभाऊंनी घसा साफ केला आणि मिरजेच्या इंग्रजीत 'रेडिओ चेक' मागितला. लगेच खरखरीत उत्तर आलं: आवाज मोठा आणि स्वच्छ आहे, काय हवंय?

साडूभाऊंनी लेखकाकडे पाहिलं. लेखकाने मीटरकडे. तीन शनिवार खपून बोलायचं काय, याचा विचार कोणी केलेलाच नव्हता.

"नथिंग सर, थँक यू," साडूभाऊ म्हणाले आणि माइक अडकवला.

मग विजयी मुद्रेने त्यांनी गाडी सुरू केली आणि तशीच गॅरेजात घातली. वर टाण् असा आवाज झाला. नवं ब्रॅकेट नमस्कार घालावा तसं मागे झुकलं.

आतून ताईंनी विचारलं, "आलं का हो?"

"आलं होतं," साडूभाऊ म्हणाले.