धरमनं काम

सुरतेत खानदेशी माणूस शोधावा लागत नाही. उधन्याला उतरावं, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा यांपैकी कुठल्याही रस्त्याला लागावं आणि ‘ओ नाना’ अशी हाक मारावी. चौघं तरी वळून बघतात. त्यांतले तिघे नुसतेच नाना असतात. चौथ्याच्या खिशात मोजपट्टी, आयशरवाल्याचं कार्ड आणि गावच्या सभामंडपाचा घडी पडून फाटलेला नकाशा असतो. आपला नाना तो.

हा नाना साक्री-नंदुरबारकडच्या एखाद्या गावातून लूमवर कामाला आला, तिथून सेंटरिंगच्या ठेकेदाराच्या हाताखाली गेला आणि यथावकाश स्वतःच ठेकेदार झाला. सुरतेतल्या कितीतरी उंच इमारतींचे स्लॅब त्यानं टाकलेत. आज त्यांच्या फाटकातून आत जायचं तर वॉचमन त्याला वहीत नाव लिहायला लावतो. नाना निमूट लिहितो. सुरतेत आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे त्यानं कधीच मान्य केलंय. विचारणारं गाव सीमेपलीकडे आहे, आणि तिथं कायम काही ना काही बांधायचं असतं: मारुतीचं मंदिर, सभामंडप, शाळेचं कुंपण, स्मशानातली शेड.

गावाबाहेर पडलेले बाकीचे लोक अशा कामाला पैसे पाठवतात. नाना यंत्रं पाठवतो. यामागं त्याचं पक्कं तत्त्वज्ञान आहे. पैसे देणाऱ्याचं नाव फरशीवर कोरतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या फरशीवर लोक चपला काढतात. मिक्सर देणाऱ्याचं तसं नाही. त्याला विचारल्याशिवाय खडी पडत नाही, तो आल्याशिवाय स्लॅब पडत नाही, आणि स्लॅब गळला तर ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणायचा हक्क तहहयात राहतो.

आता हा मिक्सर नानाचा स्वतःचा असतो असं नाही. कुठल्या तरी बिल्डरची साइट संपत आलेली असते. कोपऱ्यात ड्रमला आतून सिमेंट धरलेला मिक्सर, वाकलेल्या लोखंडी प्लेटा, जॅक, दोन व्हायब्रेटर गंजत पडलेले असतात. नाना शेठच्या ऑफिसात जाऊन बसतो. चहा येतो, जातो. नाना काही मागत नाही, फक्त सुस्कारे टाकतो. शेवटी शेठ विचारतोच. मग नाना गुजरातीत म्हणतो, ‘‘शेठ, धरमनुं काम छे.’’ भंगारवाला किती देईल याचा हिशेब शेठच्या डोक्यात चालू असतो. पण धर्माचं नाव निघालं की सुरतेचा शेठ भंगाराचा भाव बोलत नाही. सामान सुटतं.

इथून पुढं किमतीचा खेळ सुरू होतो. एकाच मिक्सरच्या नानाकडं दोन किमती असतात. सीमेपर्यंत तो 18,000 रुपयांचा, ‘भंगारच आहे हो’. सीमा ओलांडून गावच्या पारावर पोचेपर्यंत तो दीड लाखाचा होतो. मधल्या घाटरस्त्यात कुठल्याही यंत्राची किंमत इतकी वाढलेली उभ्या बाजारानं पाहिलेली नाही.

पहिल्या किमतीला कारण आहे. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, विक्रीकराचे नाके उठले, तेव्हा नानानं पेढे वाटले होते. 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं, आणि पेढे वाया गेले. माल 50,000 रुपयांच्या वरचा असेल तर बिल हवं, त्याच्या ‘पार्ट-बी’त गाडीचा नंबर हवा, आणि दर 200 किलोमीटरला एक दिवस एवढीच त्याची मुदत. नाना एकदा रीतसर बिल काढायला बसलाही. माल कशासाठी चाललाय, या प्रश्नाखाली पर्यायांची यादी निघाली: विक्री, निर्यात, जॉब वर्क, स्वतःचा वापर, प्रदर्शन किंवा जत्रा. जत्रा आहे म्हटल्यावर मंदिर असणारच, म्हणून त्यानं यादी दोनदा खालीवर केली. दान कुठंच नव्हतं. शेवटी ‘इतर’ होतं. ‘‘म्हणजे धरम इतर?’’ असं म्हणून तो उठला, आणि त्या दिवसापासून त्याचा मिक्सर 18,000 चा झाला.

तरी सोनगड सोडलं की कुठल्या तरी ढाब्यापाशी तपासणीचं पथक उभं असतंच. साहेब कागद मागतात. नाना आधी सभामंडपाचा नकाशा देतो, मग मारुतीचा फोटो देतो, मग हिंदीत ‘‘धरम का काम है, साहब’’ म्हणतो. साहेबांवर याचा परिणाम झाला नाही की नाना भूगोलात शिरतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. एकाच बाकाचा अर्धा भाग इकडं, अर्धा तिकडं. ‘‘साहेब, तिथं बाकावर बसलेला माणूस नुसता सरकून बसला तरी परराज्यात जातो. त्याचं बिल कोण काढतं?’’ साहेब म्हणतात, माणसावर जीएसटी नाही. मग नाना इतिहासात शिरतो. ‘‘महाराजांनी सुरतेतून दोनदा माल नेला. 1664 ला आणि 1670 ला. दुसऱ्या वेळी वणी-दिंडोरीला दाऊदखान आडवा आला, तर त्याला तलवारीनं उत्तर दिलं. दाऊदखान परवडला साहेब, तो पार्ट-बी मागत नव्हता.’’ साहेब मराठी असले तर हसून सोडतात. नसले तर त्यांना अर्थ कळत नाही, आणि मागच्या ट्रकांची रांग वाढलेली असते म्हणून सोडतात.

गावात मिक्सरला हार घालतात, नारळ फोडतात. डिझेल इंजिनाचा हँडल मारायचा मान नानाचा. ते सातव्या हिसक्याला फटफटतं, काळा धूर सोडतं, आणि नाना खुर्ची टाकून बसतो. ‘‘पानी कमी टाक रे!’’ गवंडी पाणी कमी टाकतो. ‘‘आता लई कमी व्हयनं!’’ गवंडी जास्त टाकतो. काँक्रीट आपल्या मर्जीनंच व्हायचं तसं होतं; पण प्रत्येक घमेलं उचलायच्या आधी बिगारी नानाकडं बघतो. या बघण्यासाठी नानानं राज्याची सीमा ओलांडलेली असते.

स्लॅब पडतो, नाना सुरतेला परततो, मिक्सर मात्र गावातच राहतो. मग तो शेजारच्या गावच्या मंदिराला जातो, सरपंचाच्या मेव्हण्याच्या घराला जातो, पावसाळ्यात त्याच्या ड्रममध्ये कोंबडी अंडी घालते. नानाचा भाचा हिऱ्याच्या ऑफिसात आहे. त्यानं एकदा सांगितलं, की प्रदर्शनासाठी माल थोडे दिवस परदेशात न्यायचा तर कार्ने नावाचं कागदांचं पुस्तक मिळतं. त्यावर तिकडचा कर पडत नाही, फक्त वर्षाच्या आत माल परत आणायची हमी द्यावी लागते. नानाला पहिला भाग फार आवडला. दुसरा ऐकून तो म्हणाला, ‘‘परत? मग ते दान कसलं?’’

पण यंदा लिंबायतमध्येच समाजाचा हॉल निघाला, आणि स्लॅबला मिक्सर मिळेना. नानानं सरपंचाला फोन लावला. सरपंच म्हणाले, ‘‘न्या की नाना, तुमचंच आहे. पण गावची वस्तू म्हणून रजिस्टरला चढलेली आहे. अनामत भरावी लागेल.’’

‘‘भरतो. जुनंच तर आहे. 18,000 धरा.’’

‘‘रजिस्टरात दीड लाख आहे. तुम्हीच पारावर सांगितलं होतं, तसं लिहून घेतलं. गाडीबरोबर तोच कागद देऊ.’’

कागदावर दीड लाख म्हटल्यावर ई-वे बिल आलं. नानानं ते काढलं, आणि ‘इतर’वर बोट ठेवताना डोळे मिटून घेतले. गुजरातच्या हद्दीत शिरताना पोलिसांनी बिलाकडं पाहिलंही नाही. दारूबंदीचं राज्य, त्यांनी बॅटरी थेट ड्रममध्ये मारली. ‘‘साहेब, धरमनुं काम छे,’’ नाना म्हणाला. ‘‘बाटलीवाले पण हेच सांगतात,’’ असं म्हणून हवालदारानं त्याला आत हात घालून दाखवायला लावला. आत एक अंडं निघालं.

दोन दिवस नाना कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी हॉलच्या स्लॅबला खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, ‘‘आमच्या गावानं पाठवलंय. दीड लाखाचं मशीन. बिल आहे आपल्याकडं.’’