काजू उचला!

अर्थशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्याला एका गृहस्थाची ओळख वर्गात दरवर्षी नव्याने करून द्यावी लागते. पाठ्यपुस्तकातला हा विवेकी गृहस्थ कधी हावरटपणा करत नाही, सेलची पाटी पाहून थबकत नाही, घेतलेल्या वस्तूत जीव अडकवत नाही. तटस्थता वक्रावर तो स्थितप्रज्ञासारखा सरकत असतो. टी.वाय.ची पोरं निमूट उतरवून घेतात. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी मात्र वहीतून मान वर काढून आजूबाजूला पाहिलं. ते अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात शिकत होते तेव्हाची गोष्ट. घरी जेवायला बोलावलेले बहुतेक अर्थशास्त्रवालेच. जेवणाआधी काजूचं भांडं मांडलं, तर मंडळी मुठी भरू लागली. भूक मरेल म्हणून साहेबांनी भांडं उचलून आत नेलं, तसे सगळ्यांनी आभार मानले. इतर कुणी असते तर पानावर बसले असते. इथे वाद पेटला: हातचा पर्याय गेल्यावर शहाण्या माणसाला आनंद होतोच कसा?

मग थेलरसाहेबांनी माणसांच्या अशा वेडेपणाची फळ्यावर यादीच सुरू केली. यादीत त्यांचे विभागप्रमुखही आले. हे वाइनचे शौकीन. १० डॉलरला घेतलेली बाटली १०० डॉलरच्या वर गेली तरी विकणार नाहीत आणि त्या भावाने नवीही घेणार नाहीत. पुढे कॉर्नेलमध्ये साहेबांनी डॅनियल काहनेमन आणि जॅक नेच यांच्याबरोबर निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटून हेच पडताळलं. मगवाल्यांनी मागितलेली किंमत बिनमगवाल्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट!

मी प्रयोग केला तो स्टाफरूममध्ये, पंख्याखालच्या खुर्चीवर. तिच्यावर बसणाऱ्या सरांना म्हटलं, "किती घेऊन सोडाल?"

"छे हो, ही काय विकायची वस्तू आहे?"

"बरं, माझी असती तर किती दिले असते?"

"हिचे? करकरते किती ती!"

१९९५ साली थेलर शिकागो विद्यापीठात गेले, म्हणजे विवेकी गृहस्थाच्या थेट माहेरीच. तिथले नोबेलविजेते मर्टन मिलर यांना कुणी विचारलं, तुम्ही ही नेमणूक अडवली का नाहीत? प्रत्येक पिढीने आपापल्या चुका कराव्यात, असं त्यांचं उत्तर. ही चूक २०१७ मध्ये नोबेल घेऊन आली.

पण मला आवडतो तो तिथल्या नव्या इमारतीचा किस्सा. प्राध्यापकांना खोल्या निवडायच्या होत्या. खोल्या सगळ्याच ऐसपैस. बाजाराइतका चोख निवाडा कुणाचाच नाही, असं जगाला ऐकवणाऱ्या या विद्वानांनी स्वतःच्या खिडक्यांचा लिलाव काही मांडला नाही. गट पाडले, गटात चिठ्ठ्या टाकल्या आणि मग रुसवेफुगवे सुरू झाले. थेलरसाहेबांनी त्यावर आपल्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं. नमुने गोळा करायला जिन्याची पायरीही उतरावी लागली नाही.