वायर लावून बघितलंत का?

इंटरनेट हळू चालतंय म्हणून तक्रारीचा फोन केला की पलीकडची मुलगी हा प्रश्न विचारतेच. त्याआधी ती राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगते. ते आपण करतो, कारण त्याला कष्ट नसतात. वायरीच्या प्रश्नावर मात्र आपली पंचाईत होते. घरात तशी वायर असलीच तर राउटरच्या खोक्यात, हातभर लांबीची, आली तशी गुंडाळलेली पडलेली असते. लॅपटॉप तर हल्ली इतके सडपातळ निघालेत की ती खुपसायला त्यांच्या अंगावर भोकच उरलेलं नाही. मग आपण जरा आवाज चढवून म्हणतो, "अहो, वायफाय घेतलंय ना, मग वायर कशाला?" ती शांतपणे सांगते, "सर, स्पीडची गॅरंटी वायरवरच असते." आपल्याला फसवलंय, या आपल्या आवडत्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो.

माझं मत विचाराल तर त्या मुलीचं बरोबर असतं. राउटरला वायर जोडून वेग मोजला आणि १०० च्या प्लॅनला ९४ च्या आसपास आकडा आला, तर रस्त्यापासून तुमच्या भिंतीपर्यंत सगळं ठाकठीक आहे असं समजावं. (उरलेले सहा कुठे गेले म्हणून भांडू नये. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर नाव-पत्ता लिहावा लागतो, त्यात ते जातात. आणि सिनेमा उतरवताना बाराच्या आसपासच दिसतात म्हणूनही भांडू नये. कंपनी बिटमध्ये मोजते, संगणक बाइटमध्ये दाखवतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.) आता वायर काढून तोच लॅपटॉप पलंगावर न्यावा. तिथे आकडा ११ वर आला, तर बाकीचा वेग हॉल आणि बेडरूमच्या मधे कुठेतरी सांडलेला आहे. तो आपल्याच घरात सांडलाय, हे मान्य करणं पुण्यात जड जातं. भांडायला समोर कोणी उरत नाही.

सांडायला जागाही आपण भरपूर करून ठेवलेल्या असतात. फायबर मुख्य दाराच्या चौकटीतून आत येतं. बसवायला आलेल्या मुलाला पुढची तीन घरं गाठायची असतात. तो दारामागे, चपलांच्या रॅकच्या वर राउटर ठोकतो, शेजारीच उभा राहून मोबाइलवर ९० चा आकडा दाखवतो, "काका, लाइन एकदम ओके आहे" म्हणतो आणि निघतो. तेव्हापासून आमच्या जिन्यात आणि लिफ्टसमोर उत्तम इंटरनेट मिळतं. तिथे बसून काम करायची पद्धत अजून पडलेली नाही, एवढंच.

आत यायचं तर त्या लहरींना विटांची भिंत आहे, तुळईतलं लोखंड आहे, स्टीलचं कपाट आहे आणि त्या कपाटाचा आरसा आहे. आरशामागे धातूचा मुलामा असतो, म्हणजे सिग्नलही आपलं तोंड बघून परत फिरतो. बाथरूममध्ये पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं असतं. पाणी या लहरी पिऊन टाकतं आणि माणूस हाही बहुतांशी पाणीच असल्यामुळे घरात हळदीकुंकू असलं की नेट मंदावतं. यात अंधश्रद्धा नाही, पदार्थविज्ञान आहे. राउटरच्या खोक्यावर छापलेला पल्ला अशा घरात मोजलेला नसतो.

पण भिंती आणि पिंपं दोष द्यायला सोपी असतात. खरी अडचण अशी की तार आपल्या एकट्याची असते आणि हवा सगळ्यांची. वायफायचा कारभार सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा चालतो. माइक एकच. बोलायचं असेल त्याने आधी ऐकायचं, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं, शांतता झाली की मनाशी एक आकडा धरून तेवढा वेळ आणखी थांबायचं आणि मग बोलायचं. तरीही दोघांनी एकदम तोंड उघडलं तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप सेकंदाला शेकडो वेळा हे शिस्तीत करतात. आमच्या प्रत्यक्ष सभेत एवढी शिस्त एकदाही दिसलेली नाही. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्याच्या घरची माणसंही याच माइकपुढे उभी असतात.

त्यातही जो हळू बोलतो तो सभा खातो. आईचा जुना टॅब स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन भिंतींपलीकडे कीर्तन लावून बसलेला असतो. लांबून बोलायचं म्हणून तो सावकाश, एकेक अक्षर सुटं करून बोलतो. जेवढा डेटा नवा फोन चुटकीसरशी घेतो, तेवढ्यालाच टॅब कितीतरी पट वेळ माइक धरून ठेवतो. इकडे मुलीच्या मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून गोठतो. ती बाहेर येऊन ओरडते, "बाबा, कंपनी बदला!" कीर्तन चालू राहतं. त्यावर कोणाचा संशय जात नाही आणि आईला सांगायची माझी छाती नाही.

गंमत म्हणजे तारेचा वंश बिनतारी हवेकडेच जातो. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. नियम अगदी मोकळाढाकळा होता. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावं, पोच आली नाही तर जरा थांबून पुन्हा बोलावं. हिशेब मांडला तेव्हा कळलं की या रीतीने हवेची फार तर १८ टक्के क्षमता कामी येते. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना सुधारून केबलमध्ये उतरवली, आधी ऐका आणि बोलतानाही ऐकत राहा अशी अट घातली. ते इथरनेट. तिथेही सुरुवातीला सगळे एकाच केबलवर होते. पुढे प्रत्येकाला स्विचपर्यंत स्वतःची तार मिळाली, येणं आणि जाणं एकाच वेळी होऊ लागलं आणि टक्कर हा प्रकारच संपला. हवेची अशी वाटणी करता येत नाही. शिवाय रेडिओला स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, म्हणून वायफाय आजही दर बोलण्यानंतर थांबून पोच मागतं.

केंद्र सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला. ते चांगलंच झालं, नाहीतर घरच्या राउटरसाठी अर्ज, दोन फोटो आणि चलन भरावं लागलं असतं. पण मुक्त म्हटल्यावर सगळेच आले. ब्लूटूथचे हेडफोन आले. मायक्रोवेव्ह तर त्याच पट्ट्यात, २४५० मेगाहर्ट्‌झवर चालतो. राउटरची ताकद एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याएवढी, तर ओव्हनच्या आत आठशे वॉट. त्यातलं जे किंचित बाहेर झिरपतं ते आपल्याला निरुपद्रवी असलं तरी राउटरच्या कानाशी आरोळी असते. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग जास्त, पण त्या लहरी भिंतीला बिचकतात. एका खोलीत त्यांच्यासारख्या त्याच, दुसऱ्या खोलीत शोधाव्या लागतात.

यावर बाजारात रिपीटर मिळतो. तो लावला की फोनवर सगळे पट्टे भरलेले दिसतात आणि घरात दोन दिवस आनंद असतो. स्वस्तातला रिपीटर प्रत्येक वाक्य आधी ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा म्हणतो. म्हणजे आवाज मोठा झाला, वेग निम्मा. भरलेले पट्टे बघून समाधान मानणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

मी तपकीर गल्लीतून कॅट-सिक्स केबल आणली. दुकानदाराने मीटरवर मोजून दोन्ही टोकांना जॅक मारून दिले. आत रंगीत आठ तारा, दोनदोनच्या चार पिळलेल्या जोड्या. जोडीला पीळ घातला की बाहेरचा गोंगाट बराचसा आपोआप कटतो, ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, पेटंट १८८१ चं. एवढ्या जुन्या युक्तीवर घराघरातला गिगाबिट वेग उभा आहे. आठातली एखादी तार जॅकमध्ये सैल राहिली तर जोडणी गुपचूप १००० वरून १०० वर उतरू शकते, कुठेही दिवा लागत नाही. म्हणून वायरवरचा आकडा नेमका ९४ वर अडून बसला आणि प्लॅन मात्र ३०० चा असला, तर कंपनीला फोन करण्याआधी जॅक बघावा.

केबल आणणं सोपं, घालणं अवघड. "अहो, ही इथून जाणार?" हिने विचारलं. मी म्हटलं, दाराच्या वरून, मग भिंतीच्या कडेने. "तोरण आहे का ते?" केसिंग पट्टीचा प्रस्तावही पडला, रंग नुकताच दिला होता. तोडगा आमच्या इलेक्ट्रिशियनने काढला. जुन्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बेडरूमपर्यंत टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो आणि भिंतीतल्या पाइपमध्ये मेलेल्या लँडलाइनची तार अजून पडून असते. त्याने तिच्याच शेपटीला नवी केबल बांधली आणि पलीकडून ओढून घेतली. एका चहात काम झालं.

आता आमच्याकडे साधा नियम आहे. जे चालत नाही त्याला तार, जे चालतं त्याला हवा. टीव्ही भिंतीवरून हलणार नाही, मुलीच्या टेबलावरचा संगणकही नाही, मग त्यांनी हवेच्या रांगेत का उभं राहावं? टीव्ही तारेवर गेला तेव्हा टीव्हीचं जेवढं भलं झालं त्याहून जास्त बाकीच्यांचं झालं. आईच्या कीर्तनालाही आता निवांत माइक मिळतो.

उरला प्रश्न शेजाऱ्यांचा. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. १, ६ आणि ११ एवढेच तीन एकमेकांच्या पायावर पाय न देता नांदतात. एकाच चॅनलवरच्या दोन राउटरना एकमेकांचं बोलणं कळतं, म्हणून ते थांबतात तरी. चारवर बसलेला राउटर मात्र एकवाल्यांना आणि सहावाल्यांना नुसता गोंगाट वाटतो आणि त्यालाही त्या दोघांचा त्रासच होतो. आमच्या इमारतीत 'पासवर्ड मागू नये' नावाचं एक नेटवर्क नेमकं चारवर आहे. पासवर्ड आम्ही मागत नाही. आपण कोण आहात तेही विचारत नाही. फक्त राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एकवर या, नाहीतर सहावर जा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यात तुमचंही नेट सुधारेल.