दंडातली काडी

बाईच्या हाताचं कौतुक मनगटाशीच बांगड्यांत अडकून पडतं. फार तर एखादा सोनार वाकी घेऊन कोपराच्या वर चढतो; कवी तेवढेही कष्ट घेत नाहीत. पण दंडाला आपली अशी एक वही असते. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण आहेत. देवीचा रोग जगातून गेला, १९८० साली तसं रीतसर जाहीरही झालं, पण तिच्या नावाची पावती मी अजून अंगावर बाळगून आहे. आजीच्या दंडावर गोंदलेली वेल होती. म्हातारपणी कातडी सैल झाली तेव्हा आजी ताक घुसळायला लागली की ती वेल वाऱ्यावर डुलल्यासारखी डुलायची. आम्ही पोरं लोण्यापेक्षा त्या वेलीकडेच बघत बसायचो.

दिवाळीत धाकटी सून लंडनहून आली होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे तिला पाटावर बसवून उटणं लावत होते. पंचवटीत त्या वेळची थंडी गंगेवरून उठते आणि थेट मोरीत येते. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, काशीकरांनी रागावू नये.) डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला माझं बोट अडखळलं. कातडीखाली काहीतरी बारीक, सरळ, ढकललं तर किंचित सरकणारं. "अगं, काटा राहिलाय की काय आत?" मी घाबरून विचारलं. "काटा नाही हो आई, काडी आहे ती," ती म्हणाली, आणि लाजावं की समजावून सांगावं हे ठरेना म्हणून तिनं साबण मागितला.

दुपारी चकल्या खाता खाता तिनं सगळं सांगितलं. काडेपेटीतल्या काडीएवढी, चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड, लवचिक प्लॅस्टिकची. आत इटोनोजेस्ट्रेल नावाचं ६८ मिलिग्रॅम संप्रेरक. ते कणाकणानं रक्तात उतरतं आणि बीज सुटू देत नाही. पाळी मात्र लहरी होते. कधी महिनोन्महिने तोंड दाखवत नाही, कधी आली की मुक्कामच ठोकते. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत हे सगळं फुकट. नर्सनं दंड बधिर केला, जाड सुईतून काडी आत सरकवली, वर पट्टी गुंडाळली आणि हातात कार्ड दिलं. त्यावर बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख. मुदत तीन वर्षं.

तीन वर्षं! आमच्या गावाला एवढ्या लहान मापाची सवय नाही. पाच वडांवरून नाव पडलेलं हे ठिकाण. वटपौर्णिमेला सूत गुंडाळताना आम्ही एकदम सात जन्मांची बोलणी करून टाकतो, आणि त्याचं कार्ड कोणी देत नाही. नाहीतर सिंहस्थ, बारा वर्षांनी एकदा. मी मनातल्या मनात भागाकार केला: एका सिंहस्थाला चार काड्या. आणि तिथेच थांबायला हवं होतं, पण हिशेबाला एकदा पाय फुटले की तो घरभर हिंडतो. माझी दोन मुलं दीड वर्षाच्या अंतरानं झालेली. समोरच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला होता, 'पाळणा लांबवा' लिहिलेलं होतं, आणि त्याच भिंतीला टेकून मी थोरल्याला वरणभात भरवायची, धाकटा पोटात. म्हणजे तेव्हा ही काडी माझ्या दंडात असती, तर आज ती जिच्या दंडात आहे तिला हा नवरा मिळालाच नसता. तीन वर्षांनी कोणीतरी आलं असतं म्हणा. पण ते कोणीतरी. हा नव्हे, झोपेत कान चोळणारा, शिऱ्यातले बेदाणे वेचून बाजूला ठेवणारा हा नव्हे. मी सुनेकडे पाहिलं आणि तिच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.

धाकट्यानंतर मीही तांबी बसवून घेतली होती, माहेरी जाते असं सासूबाईंना सांगून. या बाबतीत बायकांना नेहमी आडवाटेनंच जावं लागलं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं काढलं. कर्वे गणिताचे प्राध्यापक. आमचा हिशेब सरळ करायला निघाले आणि त्यापायी नोकरी गमावून बसले. पुढे दंडात बसवायच्या कांड्या निघाल्या. पहिल्या नॉरप्लांटमध्ये एकदोन नाही, सहा असत. आपल्याकडे त्यांच्या चाचण्या होऊ लागल्या तेव्हा स्त्री-संघटनांनी विरोध केला, आणि मला तो पटतो. बसवणारे हात गावोगाव मिळतील. बाई 'काढा' म्हणाली की त्याच दिवशी काढून देणारा हातही तिथंच हवा. २०२३ पासून आपल्या सरकारनंही काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत एका काडीचा प्रकार आणायला घेतला आहे. काढण्याची सोयही तितक्याच उत्साहानं होवो.

परवा सुनेची मुदत संपली. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला, पट्टी दाखवायला. एक टोक दाबलं की दुसरं कातडीखालून वर येतं, तिथं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा छेद. शरीरानं काडीभोवती पातळसं अस्तर विणलेलं असतं, ते सोडवलं की ती निघते. मला शरीराची मोठी गंमत वाटली. कोण बोलावलेला, कोण न बोलावता आलेला, काही विचारत नाही. पांघरूण घालून मोकळं होतं.

"काढली म्हणजे आता…" मी म्हणाले आणि गप्प बसले. माळ्यावरच्या पाळण्याच्या कड्यांना मी गेल्याच आठवड्यात, उगीचच, तेल दिलं होतं.

"त्याच छेदातून नवीन बसवली, आई."

"बरं केलंस," मी म्हणाले. जरा उशिरा म्हणाले, पण तिकडे नेट तसंही अडकत होतं. "दुखतंय का गं?"

"थोडंसं. काळंनिळं पडलंय."

मागून धाकटा ओरडला, "आई, हिचा हात दुखतो म्हणून सगळी भांडी मला घासायला लावलीयेत!"

"घास," मी म्हणाले. "काडी असती तर तू नसतास."