निम्मी यादी खोडा

गड्ड्याची जत्रा उठली, हुरडा संपला की सोलापुरातल्या घरांत एक वही निघते. पहिल्या पानावर ‘ट्रिप’, खाली दोन रेघा, त्याखाली गावं. विजापूर, मिरज, कोल्हापूर, पन्हाळा, रत्नागिरी, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, गोवा आणि येताना जमलं तर बदामी. दिवस सहा, माणसं सात, गाडी एक.

अशी एक वही गेल्या आठवड्यात माझ्यापुढे आली. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात सात ठिकाणं होती आणि जेवायला वेळच धरलेला नव्हता. मी पेन मागून घेतलं आणि निम्मी यादी खोडली. घरातले रागावले. रागावू देत. सात ठिकाणी उतरून फोटो काढणं आणि परत गाडीत बसणं याला मी प्रवास म्हणणार नाही.

आधी दिवसांचं बघू. ‘परीक्षा होऊन जाऊ देत’ म्हणता म्हणता मे उजाडतो. मेमधलं सोलापूरचं ऊन आपल्याला कुणी सांगायला नको. घाट उतरून खाली कोकणात गेलात तर घामानं अंगाला कपडा चिकटतो आणि महिना सरता सरता समुद्र खवळला की किल्ल्यांकडे जाणाऱ्या बोटीही बंद होतात. मग वर्षभर पैसे साठवून काय बघितलं? खोलीतला एसी. आपल्याकडे वसंत आखूड असतो. पळस फुलतो, कडुलिंबाला कोवळी पालवी येते आणि पाडवा झाला की ऊन डोक्यावर. तेव्हा जायचं ते फाल्गुनात. घरात दहावी-बारावीचं कुणी नसेल तर पोरांच्या शाळेचे चार दिवस बुडू द्यात. शाळेत जो इतिहास पाठ करायचा, तोच बघायला निघालोय की आपण!

कोकणात त्याच दिवसांत शिमगा असतो. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर जाते, मुंबईचे चाकरमानी तिच्यासाठी गावी येतात. मेमध्ये गेलात तर समुद्र दिसेल, पालखी दिसणार नाही. मात्र राहण्याची सोय आधी करा. गावाला त्या दिवसांत पाहुण्यांकडे बघायला सवड नसते.

आता वाट. नागपूर–रत्नागिरी महामार्ग मोठा झाल्यापासून आपल्या लोकांना एकच खूळ लागलंय. पहाटे चारला निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर मागं टाकायचं आणि दुपारी रत्नागिरीत मासे. साडेतीनशेच्या वर किलोमीटर आणि बघितलं काय, तर टोलनाके. किती तासांत पोचलो हेच परत आल्यावर चारचौघांत सांगायचं असेल तर घरीच बसा, डिझेल तरी वाचेल.

मी खोडाखोड करून जो बेत दिला, तो घरापासून सुरू होतो. पहिल्या सकाळी भुईकोट. खरंच सांगतो, त्या घरातल्या दोन्ही पोरांनी पन्हाळ्याचे फोटो बघितले होते आणि पार्कापलीकडचा आपला किल्ला आतून बघितला नव्हता. १५२४ साली इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरात लागलं, हुंड्यात हा किल्ला कबूल केला आणि मग दिलाच नाही. त्यावरून दोन घराणी पिढ्यान् पिढ्या लढली. पुढे निजामशाही घराण्यातली चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाची राणी झाली, तेव्हा पुन्हा हाच किल्ला हुंड्यात फिरला. एवढं ऐकून विजापूरला निघालात की रस्ता कंटाळवाणा राहत नाही. तुम्ही त्या भांडणाच्याच वाटेनं चाललेले असता.

विजापूर रस्ता सोडून थोडं आत गेलं की हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना तिथं भेटतात. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे सन १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो मोजतात. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. हा माणूस आयुष्यभर खेडोपाडी फिरून दगड वाचत राहिला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्या लेखात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं आपल्या भाषेत आपल्याला बोलावलंय आणि आपण शंभरच्या वेगानं फाट्यावरून पुढे जातो. याची मला मनापासून चीड येते. वहीत हे नाव मी माझ्या हातानं लिहिलं आणि त्याला चौकट केली.

विजापूर सोलापुरापासून शंभरेक किलोमीटर. मुक्काम करा. गोलघुमट ही दुपारी एक वाजता, अनवाणी, तापलेल्या फरशीवर बघायची जागा नव्हे. सकाळी दार उघडताना पोचा. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये गेला. घुमटाच्या आतल्या कडेनं सज्जा आहे. वर जायला मिळालं तर एकच करा, ओरडू नका. आपल्याकडची माणसं वर पोचली की शिट्ट्या मारतात, नावानं हाका घालतात आणि त्या कल्लोळात कुणालाच काही ऐकू येत नाही. पोराला एका बाजूला भिंतीजवळ उभं करा, तुम्ही समोरच्या बाजूला जा. मध्ये छत्तीस-सदतीस मीटरची पोकळी. भिंतीशी तोंड नेऊन हळूच त्याचं नाव घ्या. मी घेतलं होतं. पलीकडे उभ्या माझ्या धाकटीनं दचकून मागं वळून बघितलं. मी तिच्या पाठीशी उभा आहे असं वाटलं तिला. मग तिनं पाच मिनिटं त्या भिंतीला कान लावून ठेवला. त्या पाच मिनिटांसाठी मी बदामी खोडायला कधीही तयार आहे.

संध्याकाळी बुरुजावरची मुलुख-मैदान तोफ. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला आली. वजन पन्नास टनांच्या वर. परंडा म्हणजे आपल्या बार्शीच्या पलीकडं. ते धूड बैल-हत्तींनी आपल्याच मुलखातून ओढत नेलं. आपण मात्र चाकाखाली गुळगुळीत रस्ता असताना घाई करतो.

जेवणाचं गणित सोपं आहे. आठ दिवस पुरेल एवढी कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घ्या. बोटानं मोडली की कुडकुड वाजते, नासत नाही, सांडत नाही, आणि चटणीत दही कालवलं की कुठल्याही झाडाखाली जेवण होतं. विजापूरच्या खानावळीत जोळद रोट्टी मागा. ज्वारी तीच, भाकरी तीच, फक्त बोलणं कानडी. वेफर्सची पाकिटं मात्र घरी ठेवा. त्यांचा कचरा मी आदिलशाही बुरुजांवर पुष्कळ बघितलाय.

तिसऱ्या दिवशी अथणीवरून मिरज. मिरजेला सगळे फक्त गाडी बदलतात. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात जा. तंबोऱ्याचा भोपळा तिथं फोडून, सुकवून, पोखरून, त्यावर गळा चढवून वाद्य उभं राहतं. तो भोपळा येतो आपल्या जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. देशभरातल्या मैफलींत वाजतं ते आपल्या मातीत पिकलेलं असतं, हे पोराला कारखान्यात उभं करून दाखवा. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथंही दोन मिनिटं बसा.

कोल्हापूर तुम्हाला मी शिकवायला नको. पन्हाळ्यावर मात्र चालत फिरा. विजापूरचा सिद्दी जौहर १६६० मध्ये या गडाला वेढा घालून बसला होता. विजापूर बघून आलेल्या पोराला हा वेढा लगेच कळतो. कुठली फौज, किती लांबून आली, हे त्यानं खिडकीतून बघितलेलं असतं. इथून आंबा घाटानं खाली.

किनाऱ्यावर एकच जलदुर्ग निवडा. पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे तिन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, त्यामुळे तिन्हींवर टिकमार्क करायची हौस सुटलीय. मी सिंधुदुर्ग ठेवला आणि गोवा खोडला. गोव्याला तीन दिवस वेगळे द्या, शेपटीसारखा जोडू नका. १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं. आत तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. नळाला पाणी कधी येणार याची पाळी मोजणाऱ्या सोलापूरकरानं त्या विहिरींच्या काठाशी थांबायलाच हवं. पाणी कुठं लागेल हे आधी बघितलं, तट मग बांधला.

नळदुर्ग यादीत होतं, तेही खोडलं. धरणाच्या पोटातला पाणीमहाल कधीही बघावा, पण नर-मादी धबधबे पावसाळ्यातच वाहतात. बोरी नदीला पाणी आलं की सकाळी निघून दुपारी घरी येता येतं.

त्या घरातून काल फोन आला. गोवा परत लिहिलाय म्हणाले, पण कुडल ठेवलंय. ठीक. तुमची वही अजून कोरी असेल तर फाल्गुन लागायच्या आत लिहायला बसा, टायर आणि ब्रेक तपासून घ्या, आणि पहिल्या ओळीवर भुईकोट लिहा.